महामार्ग बंद असताना पर्यायी मार्ग कसा आखावा : नवख्या चालकांसाठी मार्गदर्शन

लांबच्या प्रवासाची तारीख ठरलेली असते, मुक्कामाच्या जागा आरक्षित झालेल्या असतात आणि मग कळते की वाटेतील महामार्गाचा एक टप्पा बंद आहे. अशा वेळी नवखा चालक बहुधा नकाशा उघडतो, बंद जागेच्या शेजारून जाणारी सर्वांत जवळची बारीक रेघ शोधतो आणि तोच पर्यायी मार्ग धरून निघतो. अडचणीची सुरुवात येथेच होते. बंद जागेला खेटून जाणारा रस्ता सर्वांना एकाच वेळी दिसतो, म्हणून तो सर्वांत आधी भरतो, आणि त्यावर शिरल्यावर परत फिरायलाही जागा उरत नाही. चांगला पर्यायी मार्ग बहुतेक वेळा बंद जागेच्या बराच अलीकडे, एखाद्या मोठ्या फाट्यावर सुरू होतो. तो फाटा कोणता आणि तेथे कोणत्या माहितीच्या आधारे निर्णय घ्यायचा, हे घरातून निघण्यापूर्वी ठरवणे हाच या आखणीचा गाभा आहे.

आधी बंदीचे स्वरूप समजून घ्या

‘महामार्ग बंद’ या दोन शब्दांत पुष्कळ वेगवेगळ्या परिस्थिती सामावलेल्या असतात. म्हणून पहिले काम म्हणजे रस्ता सांभाळणाऱ्या यंत्रणेची मूळ सूचना शोधून ती पूर्ण वाचणे. पुढे पाठवलेल्या संदेशांत गावांची नावे तेवढी येतात; मूळ सूचनेत किलोमीटरचे आकडे किंवा निर्गमन मार्गांचे क्रमांक असतात, आणि आखणीसाठी तेच लागतात. बंदी एका दिशेला आहे की दोन्ही, सर्व वाहनांना आहे की फक्त जड वाहनांना, दिवसभर आहे की ठरावीक तासांपुरती, आणि बंद टप्प्याच्या अलीकडच्या गावापर्यंत जाता येते की नाही, या प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत.

वेळेच्या मर्यादेकडे विशेष लक्ष द्यावे. न्यूझीलंडमध्ये १४ नोव्हेंबर २०१६ च्या भूकंपानंतर काइकोरा किनाऱ्यावरचा राज्य महामार्ग १ वर्षभराहून अधिक काळ बंद राहिला आणि १५ डिसेंबर २०१७ रोजी पुन्हा खुला झाला. मात्र सुरुवातीला तो फक्त दिवसा खुला असे. ‘रस्ता सुरू झाला’ एवढीच बातमी वाचून संध्याकाळी निघालेल्या माणसाला तेथे अडकावे लागले असते. अमेरिकेत हेलीन चक्रीवादळाने सप्टेंबर २०२४ मध्ये पिजन नदीच्या खोऱ्यातील इंटरस्टेट ४० या आंतरराज्य महामार्गाचे काही भाग वाहून नेले. तो १ मार्च २०२५ रोजी खुला झाला तेव्हा प्रत्येक दिशेला एकच अरुंद मार्गिका होती आणि वेगमर्यादा ताशी ३५ मैल, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर होती. रस्ता खुला आहे, यावरून तो पूर्वीइतकी वाहतूक पेलतो आहे असे मानता येत नाही.

बंदीचे कारण कळले की तिच्या कालावधीचा अंदाज करता येतो. अपघातामुळे झालेली बंदी सहसा काही तासांची असते, आणि बर्फवृष्टीची बंदी वादळ ओसरून रस्ता साफ होईपर्यंत टिकते. दरड कोसळली असेल तर मातीचा ढिगारा उचलणे हा कामाचा एक भाग झाला. वरचा उतार स्थिर आहे की नाही हे तपासेपर्यंत रस्ता खुला करता येत नाही, त्यामुळे रस्ता मोकळा दिसूनही आठवडेच्या आठवडे बंद राहू शकतो. पुलाचे नुकसान झाले असेल तर अंदाज बांधणे सर्वांत कठीण जाते. वॉशिंग्टन राज्यातील स्कॅजिट नदीवरील पुलाचा एक गाळा २३ मे २०१३ रोजी कोसळला आणि महिन्याभराच्या आत तात्पुरता पूल उभा राहिला. फिलाडेल्फियातील इंटरस्टेट ९५ चा भाग ११ जून २०२३ रोजी कोसळल्यावर दुरुस्तीला काही महिने लागतील असे सांगितले जात होते, पण वाहतूक १२ दिवसांत सुरू झाली. याउलट फ्रान्स आणि इटली यांना जोडणारा माँ ब्लां बोगदा मार्च १९९९ च्या आगीनंतर तीन वर्षे बंद राहिला. म्हणून जाहीर केलेल्या तारखेला अंदाज समजावे आणि प्रवास त्या तारखेच्या दुसऱ्याच दिवशी ठेवू नये. तसे करावेच लागत असेल, तर रस्ता खुला झाला नाही असे धरून दुसरी पूर्ण योजना तयार असावी.

नकाशावर शेवटचा चांगला फाटा शोधा

आता संपूर्ण प्रवासाचा नकाशा समोर घ्यावा. मोबाइलच्या पडद्यावर एका वेळी थोडाच भाग दिसतो, त्यामुळे या कामासाठी मोठा पडदा किंवा छापील नकाशा अधिक बरा. बंद टप्प्याच्या दोन्ही टोकांना खुणा कराव्यात आणि तेथून उलट दिशेने, आपल्या निघण्याच्या ठिकाणाकडे येत, वाटेत लागणारा प्रत्येक मोठा फाटा पाहावा. ज्या फाट्यावरून दुसरा महामार्ग किंवा रुंद राज्यमार्ग निघतो आणि जो बंद जागेला वळसा घालून पुन्हा आपल्या वाटेला मिळतो, तो उपयोगाचा. असे फाटे बहुधा दोन-तीनच निघतात.

त्यांतला बंद जागेच्या सर्वांत जवळचा, पण अजूनही चांगला रस्ता देणारा जो फाटा, तो तुमचा ‘शेवटचा चांगला फाटा’. त्याच्या अलीकडे, गाडी सुरक्षितपणे थांबवता येईल अशी एखादी विश्रांतीची जागा किंवा इंधन केंद्र शोधून त्यावरही खूण करावी. प्रवासाच्या दिवशी येथे थांबून ताजी माहिती पाहायची आणि मगच वळायचे की सरळ जायचे हे ठरवायचे. चालत्या गाडीत, फाटा समोर आलेला असताना, शेजारी बसलेल्या माणसाने घाईने सांगितलेल्या दिशेवर असा निर्णय कधीही सोपवू नये.

किमान दोन पर्याय, शक्यतो तीन

पहिला पर्याय यंत्रणेने अधिकृतपणे जाहीर केलेला आणि फलक लावलेला मार्ग. तो अनेकदा लांबचा वाटतो, पण त्यावरील पूल आणि वळणे जड वाहनांच्या दृष्टीने तपासलेली असतात आणि गस्तही अधिक असते. दुसरा पर्याय त्याहून अलीकडच्या फाट्यावरून निघणारा, अधिक मोठा वळसा. तिसरा पर्याय म्हणजे प्रवासाची दिशाच बदलणे, टप्प्यांचा क्रम उलटा करणे किंवा एक मुक्काम वाढवून रस्ता खुला होण्याची वाट पाहणे. वाट पाहणे हा पर्याय नवखे लोक विचारातच घेत नाहीत. चार तासांत सुटणाऱ्या अपघातासाठी साडेतीन तासांचा अनोळखी घाटरस्ता पत्करण्यापेक्षा एखाद्या गावात जेवून, विश्रांती घेऊन निघणे केव्हाही चांगले.

एकाहून अधिक पर्याय का हवेत, हे आल्प्स पर्वतातील उदाहरणावरून स्पष्ट होईल. स्वित्झर्लंडमधील सुमारे १७ किलोमीटर लांबीचा गोटहार्ड रस्ता-बोगदा १० सप्टेंबर २०२३ रोजी छताला तडे गेल्यामुळे काही दिवस बंद झाला, तेव्हा वाहतूक सान बर्नार्डिनोवरून जाणाऱ्या ए-१३ मार्गाकडे वळवण्यात आली. पुढच्याच वर्षी, २१ जून २०२४ रोजी, पुराने या ए-१३ महामार्गाचाच एक भाग वाहून गेला आणि तो ५ जुलैपर्यंत बंद राहिला. त्या वेळी भार गोटहार्डवर पडला. माँ ब्लां बोगदा बंद असताना ज्याच्यावर वाहतुकीचा मोठा बोजा आला होता, तो त्याच दोन देशांमधला फ्रेजूस बोगदाही २००५ मध्ये आगीमुळे काही आठवडे बंद होता. एकाच पावसाने किंवा एकाच हिमवादळाने महामार्ग आणि त्याचा पर्याय असे दोन्ही एकदम बंद पडू शकतात. म्हणून दुसरा पर्याय निवडताना तो शक्यतो वेगळ्या खोऱ्यातून किंवा वेगळ्या खिंडीतून जाणारा असावा.

प्रत्येक पर्यायाची तपासणी

या टप्प्याला सर्वाधिक वेळ द्यावा. नकाशावर सारख्याच जाडीच्या दिसणाऱ्या दोन रेघा प्रत्यक्षात पूर्ण वेगळे रस्ते असू शकतात.

सुरुवात पृष्ठभागापासून करावी. रस्ता पूर्ण डांबरी किंवा काँक्रीटचा आहे की मधला काही भाग खडीचा किंवा मातीचा आहे, हे उपग्रह-छायाचित्रांवरून आणि रस्त्याच्या छायाचित्रांवरून बऱ्यापैकी कळते. मात्र ती छायाचित्रे किती जुनी आहेत हे पाहावे. मातीचा रस्ता कोरड्या दिवशी ठीक असला तरी एका पावसाने अशक्य होतो. २०१९ च्या जून महिन्यात अमेरिकेतील डेन्व्हर विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर अपघातामुळे कोंडी झाली, तेव्हा नकाशाच्या अ‍ॅपने सुचवलेल्या कच्च्या रस्त्यावर वळलेल्या जवळपास शंभर गाड्या चिखलात अडकल्या. वेळ वाचेल असे दाखवणारा तो मार्ग पाऊस पडून गेलेल्या मातीवरून जात होता.

त्यानंतर उंची आणि चढ-उतार पाहावेत. खिंडीतून जाणारे अनेक रस्ते हिवाळ्यात पूर्ण बंद असतात. गोटहार्डच्या बोगद्यावरून जाणारा २,१०६ मीटर उंचीवरचा जुना घाटरस्ता त्यांपैकीच आहे. म्हणजे उन्हाळ्यात जो पर्याय हाताशी असतो, तो हिवाळ्यात नसतो. खिंड खुली असली तरी तीव्र उतारावर ब्रेक तापण्याचा धोका असतो. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाच्या अवरोधाने वेग आटोक्यात ठेवावा आणि ब्रेक सतत दाबून धरू नये. सामानाने भरलेली गाडी घाटात कधीच चालवली नसेल, तर अनोळखी घाट रात्री उतरण्याची वेळ येईल असा पर्याय सरळ बाद करावा. यात दोन तास वाढले तरी वाढू द्यावेत.

पुलांची भारक्षमता, कमानींची उंची आणि रस्त्याची रुंदी हे लहान मोटारीच्या चालकाला फारसे सतावत नाही, पण मोटरहोम, मागे जोडलेली कॅराव्हॅन किंवा छतावर सायकली असतील तर सर्व काही बदलते. स्कॅजिटचा पूल कोसळला तो उंच सामान नेणारा ट्रक त्याच्या वरच्या पोलादी चौकटीला धडकल्यामुळे. आपल्या वाहनाची छतावरच्या सामानासह प्रत्यक्ष उंची मोजून, ती आकड्यात लिहून चालकासमोर चिकटवावी. फलक दिसल्यावर आठवून पाहण्याइतका वेळ मिळत नाही. गॅसचे सिलिंडर असलेल्या वाहनांना काही बोगद्यांत आणि फेरीबोटींवर बंदी किंवा विशेष अटी असतात, त्याही आधी पाहाव्यात. पर्यायात फेरीबोट असेल तर तिचे वेळापत्रक, तिची क्षमता आणि शेवटच्या फेरीची वेळ पाहणे अत्यावश्यक आहे, कारण महामार्ग बंद असताना तेथे नेहमीपेक्षा कितीतरी लांब रांग असते.

बंदी पुरामुळे असेल तर सखल भागातून, नदीकाठाने किंवा कमी उंचीच्या पुलांवरून जाणारा पर्याय निवडू नये. वाहत्या पाण्याची खोली सुमारे ३० सेंटिमीटर असली तरी लहान मोटार वाहून जाऊ शकते, आणि ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक गाड्यांना ओढून नेते. पाण्याखालचा रस्ता शाबूत आहे की खचला आहे, हे वरून दिसत नाही. रस्त्यावर पाणी वाहत असेल तर गाडी वळवून मागे फिरावे.

वेळेचा हिशेब टप्प्याटप्प्याने करा

पर्यायी मार्गाची एकूण लांबी घेऊन तिला महामार्गाच्या वेगाने भागणे, ही नवख्यांची सर्वसाधारण पद्धत आहे आणि ती फसवी आहे. रस्त्याचे तुकडे करून प्रत्येकाला त्याचा स्वतःचा वेग द्यावा. समजा, महामार्गाचा ९० किलोमीटरचा टप्पा एरवी एका तासात पार होतो आणि त्याऐवजी १४० किलोमीटरचा वळसा घ्यायचा आहे. त्यातील ६० किलोमीटर साधा दुपदरी रस्ता ताशी ६० ने एक तास घेईल. ५० किलोमीटर घाट ताशी ३५ ने जवळजवळ दीड तास घेईल. आणि गावांमधून जाणारे ३० किलोमीटर ताशी ३० ने आणखी एक तास. एकूण साडेतीन तास झाले. अंतर दीडपटीने वाढले, पण वेळ साडेतीनपट झाला, आणि हा हिशेब रस्ता मोकळा आहे असे धरून केलेला आहे.

तो मोकळा नसतो, यामागे साधे कारण आहे. महामार्गाची एक मार्गिका चांगल्या परिस्थितीत तासाला दोन हजारांहून अधिक मोटारी वाहू शकते, म्हणजे एका दिशेच्या दोन मार्गिकांतून तासाला चार हजारांहून अधिक मोटारी जाऊ शकतात. साध्या दुपदरी रस्त्याची क्षमता एका दिशेला तासाला सुमारे १,७०० मोटारींची धरली जाते, आणि गावातील चौक, ट्रॅक्टर, शाळेचे ओलांडमार्ग यांमुळे ती आणखी घटते. मोठ्या महामार्गाची वाहतूक अशा रस्त्यावर वळली की कोंडी अटळ असते. म्हणून मोकळ्या रस्त्याच्या हिशेबात निदान तिसरा हिस्सा वेळ वाढवून धरावा, सुट्टीच्या दिवशी त्याहून अधिक. पहाटे लवकर निघून वर्दळ वाढण्याआधी वळसा पार करणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे.

अ‍ॅपला आपला मार्ग समजावून द्या

नकाशाचे अ‍ॅप उपयुक्त असते, पण ते वेळ वाचवण्यासाठी रस्ता निवडते. रस्त्याचा दर्जा, तुमच्या वाहनाची उंची किंवा तुमचा अनुभव त्याला बहुधा माहीत नसतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये नेवाडा-कॅलिफोर्निया सीमेजवळ धुळीच्या वादळामुळे इंटरस्टेट १५ वर खोळंबा झाला, तेव्हा काही चालक अ‍ॅपच्या सांगण्यावरून वाळवंटातील कच्च्या वाटांवर गेले आणि अडकले. यावरचा उपाय म्हणजे ठरवलेल्या मार्गावरील दोन-तीन गावे किंवा फाटे मधले थांबे म्हणून आधीच अ‍ॅपमध्ये भरावेत, म्हणजे ते आपल्याला त्याच मार्गाने नेईल. कच्चे रस्ते टाळण्याची सोय असल्यास ती सुरू करावी. संपूर्ण परिसराचा नकाशा इंटरनेटशिवाय चालेल असा उतरवून घ्यावा, कारण वळणमार्ग अनेकदा संपर्क नसलेल्या भागातून जातो. फाट्यांची नावे, रस्त्यांचे क्रमांक आणि मधली अंतरे एका कागदावर क्रमाने लिहून तो शेजारच्या प्रवाशाकडे द्यावा.

प्रवासात अ‍ॅपने अचानक नवा, जवळचा रस्ता सुचवला तर तो स्वीकारण्याआधी थांबून पाहावा. पुढचे शेकडो चालकही त्याच सूचनेने त्याच रस्त्यावर येत असतात. शिवाय असे रस्ते लोकांच्या घरांसमोरून, शेतांच्या कडेने जातात. तेथील रहिवाशांना अंगणातून बाहेर पडणे मुश्कील होईल किंवा रुग्णवाहिका अडेल असे वागण्याचा आपल्याला काहीही अधिकार नाही. फक्त स्थानिकांसाठी असलेल्या रस्त्याचा फलक दिसला तर तो मार्ग सोडून द्यावा.

इंधन, चार्जिंग आणि मुक्काम

महामार्ग सोडण्याआधी टाकी भरून घ्यावी; वळणमार्गावरील लहान पंपांवर गर्दीमुळे साठा संपू शकतो, आणि काही रात्री बंद असतात. विजेवर चालणाऱ्या गाडीसाठी चढाचा हिशेब वेगळा करावा लागतो. दोन टन वजनाची गाडी १,००० मीटर वर चढवण्यासाठी केवळ उंचीपोटी सुमारे साडेपाच युनिट वीज खर्च होते, म्हणजे सपाट रस्त्यावरील साधारण ३० किलोमीटरचा पल्ला. उतारावर त्यातील काही भाग परत मिळतो, सर्व नाही. थंडीत पल्ला आणखी घटतो. म्हणून पुढच्या चार्जिंग केंद्रापर्यंतचे अंतर मोजताना पुरेसा राखीव साठा धरावा आणि ते केंद्र बंद निघाले तर त्यापुढचे कोणते, हेही पाहून ठेवावे.

मुक्कामाच्या जागी उशीर होण्याची शक्यता आधीच कळवावी. बंद टप्प्याच्या अलीकडे एक संभाव्य मुक्काम हेरून ठेवावा, म्हणजे थकलेल्या अवस्थेत पुढे रेटण्याची वेळ येणार नाही. पाणी, कोरडा खाऊ, पांघरूण, टॉर्च, औषधे आणि मोबाइलसाठी बॅटरी हे सामान डिकीच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावे.

प्रवासाच्या दिवशी

निघताना एकदा आणि शेवटच्या चांगल्या फाट्याआधी एकदा, अशी दोनदा अधिकृत माहिती पाहावी. अमेरिका आणि कॅनडाच्या बऱ्याच भागांत रस्त्यांच्या स्थितीसाठी ५११ हा दूरध्वनी क्रमांक आहे. इतरत्र रस्ते यंत्रणेचे संकेतस्थळ, वाहतूक रेडिओ किंवा पोलिसांचा नियंत्रण कक्ष ही माहिती देतो. रस्त्यावरचा फलक, वाहतूक पोलीस आणि अ‍ॅप यांत विसंगती आढळली तर पोलिसांचे आधी ऐकावे, नंतर फलकाचे आणि शेवटी अ‍ॅपचे. बॅरिकेडच्या बाजूने कोणी गाडी काढताना दिसले, तरी त्याच्या मागे जाऊ नये. पुढे रस्ता खचलेला असू शकतो किंवा अवजड यंत्रे काम करत असू शकतात, आणि अडकलेल्याला सोडवण्यासाठी त्याच कामगारांना जीव धोक्यात घालावा लागतो.

परत फिरण्याची अटही आधीच ठरवावी. उदाहरणार्थ, अमुक गावापर्यंत अमुक वाजता पोहोचलो नाही तर घाटात शिरायचे नाही, किंवा डांबरी रस्ता संपला तर पहिल्या सुरक्षित जागी गाडी वळवायची. ही अट सर्व सहप्रवाशांना माहीत असावी. दोन तास खर्चून आल्यावर मागे फिरणे चालकाला एकट्याने अवघड जाते; सर्वांनी मिळून आधी मान्य केलेली अट पाळणे त्यामानाने सोपे असते. चालक दोघे असतील तर घाटाच्या आधी अदलाबदल करावी, घाटाच्या मध्यावर नको.

परतीच्या प्रवासासाठी ही आखणी नव्याने करावी. जाताना ज्या दिशेने वाहतूक विरळ होती ती येताना दाट असू शकते, एका दिशेपुरती बंदी उलटू शकते, आणि मधल्या दिवसांत रस्ता अंशतः खुला होऊन त्याला नवी वेगमर्यादा किंवा वेळेची अट लागलेली असू शकते. शेवटचा चांगला फाटाही परतीच्या बाजूने वेगळाच असतो, म्हणून तो मुक्कामी असतानाच नकाशावर शोधून ठेवावा.